फ्रिजवरचं वेळापत्रक

"उन्हाळ्यात तिकडची घड्याळं सरकतात, शाल्मली. फॉर्म भरायच्या आधी कुणाला तरी विचारून घे."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या आणि मी जेवणाच्या टेबलावर चार रंगांची स्केचपेनं घेऊन बसले होते. मी वरही पाहिलं नाही.

"अहो आई, घड्याळं कशी सरकतील? देश आहे तो, बस नाहीये."

"लंडनचे कॉल मे महिन्यात तासभर अलीकडे यायचे. आम्ही रजिस्टरला तसं लिहून ठेवायचो."

"तो ट्रंक कॉलचा जमाना होता. हे बघा." मी फोन त्यांच्यापुढे धरला. "आत्ता आपल्याकडे साडेआठ, इटलीत चार. साडेचार तास. फोन खोटं बोलतो का?"

"आत्ता मार्च आहे," त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी झटकली.

आई कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होत्या. मी इतिहासाची एम.ए., कॉलेजात शिकवणारी, पीएच.डी.ला नाव घातलेली. पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही.

प्रकरण असं होतं. फ्लोरेन्सपासून दीड तासावरच्या एका डोंगरी गावात सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम होता आणि मला त्याची शिष्यवृत्ती मिळाली होती. यादीतले दोन विषय निवडायचे होते: एक सकाळचा, एक दुपारनंतरचा. फॉर्मची शेवटची तारीख पंधरा मार्च. आणि घरात जुई होती. जून उजाडेल तेव्हा ती सव्वा वर्षाची होणार होती. तोवर मी तिच्यापासून सलग एक दिवसही लांब राहिले नव्हते. ती झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, हे बघणारी आई मी. जाऊ नये असं दिवसातून चार वेळा वाटायचं आणि जावं असं पाच वेळा. त्या एका जास्तीच्या वेळेवर फॉर्म भरत होते.

मनात एक अट घातली होती. जुई रात्री आठला जेवायला बसते, नऊच्या आत झोपते. तो एक तास माझा. तेव्हा मी फोनवर असणारच. तिचं जेवण तुटलं, वजन उतरलं, तर तडक परत यायचं.

"तुला कुठला विषय हवाय, ते आधी सांग ना," निनाद म्हणाला. माझा नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, सगळं नळीत घालून तपासतो.

"जुन्या कागदपत्रांचं जतन," मी लगेच म्हणाले. मोडीच्या कागदांना वाळवी लागलेली बघत माझी दोन वर्षं गेली होती. हा विषय म्हणजे माझ्यासाठीच काढलेला.

"मग तो घे."

"दुपारी अडीच ते साडेचार आहे. म्हणजे आपल्याकडे सात ते नऊ. जुईचं जेवण त्यातच येतं."

"मग?"

"मग हा. साडेचार ते सहा. आपल्याकडे नऊ वाजलेले, ती झोपलेली." मी यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'गल्लीचा इतिहास: वृद्धांच्या मुलाखती.' सकाळी इटालियन भाषेची तोंडओळख.

"म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकायला इटलीला?" निनाद हसायला लागला. "घरात एक आहे की."

"ए," आई म्हणाल्या, "म्हातारी कुणाला म्हणतोस रे?"

फॉर्म गेला. मी मोठ्या कागदावर दोन देशांच्या वेळा शेजारीशेजारी लिहिल्या, हिरव्या रंगात जुई, निळ्यात वर्ग, आणि कागद फ्रिजवर चिकटवला. त्याची एक प्रत माझ्या बॅगेत. निघाले त्या दिवशी आईंनी तो कागद एकदा वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. अठ्ठावीस वर्षं लोकांची बोलणी कानावर पडूनही मध्ये न बोलण्याची त्यांना सवय होती.

पहिल्या सोमवारी वसतिगृहाच्या खोलीत मी केस विंचरून, टिकली लावून, दुपारी ठीक साडेतीनला फोन लावला.

"जेवली का? ताट दाखवा."

"अगं, सात वाजलेत," आई म्हणाल्या. "जुई अंगणात शेजारच्या मुल्लावहिनींच्या मांजरीमागे रांगतीय. इतक्यात कसलं ताट?"

"सात कसे? आठ वाजले असतील."

आईंनी फोन भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवला. सात. मग शांतपणे फ्रिजवरच्या माझ्या चार रंगांच्या कागदाकडे. त्या काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्चच्या शेवटी युरोपात सगळी घड्याळं तासभर पुढे करतात. साडेचार तासांचं अंतर साडेतीन होतं. म्हणजे कागदपत्रांचा वर्ग बरोबर आठला सुटत होता, जुईच्या ताटाच्या ठोक्याला. आणि मी जो घेतला होता, तो बरोबर आठला सुरू होत होता. नको होता तो विषय मिळाला होता, हवी होती ती वेळ गेली होती. मी ऑफिसात जाऊन विषय बदलून मागितला. जागा भरल्या होत्या. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे घड्याळं पुढे करत नाहीत?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्हाला उन्हाळा सुरू झालेला कळतो कसा?" आमच्या कराडला उन्हाळा कळायला घड्याळ लागत नाही, हे सांगण्याइतकं इटालियन मला अजून येत नव्हतं.

वर्ग खरोखरच गल्लीत भरायचा. दुपारची झोप झाली की त्या गावातल्या म्हाताऱ्या आपापल्या दारातून खुर्च्या ओढत सावलीच्या बाजूला येऊन बसत. कुणी विणायला घेऊन, कुणी निवडायला घेऊन. आमच्या प्राध्यापक लोरेदानाबाईंचं म्हणणं, जिथे या बसतात तिथे आपण जायचं. त्यांचा नियम एकच: फोन टोपलीत. आवाज टिपायला छोटी यंत्रं दिली होती. मला जोडून दिलं होतं असुंता नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या आजींशी. बुटक्या, पायात लाल सपाता, आणि नजर अशी की दारावरून जाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे ते सांगतील. त्या वेगाने बोलत, लोरेदानाबाई इंग्रजीत सांगत, आणि मी टोपलीकडे बघत.

कारण बरोबर साडेचारला टोपली थरथरायची.

सोमवारी थरथरली, मंगळवारी, बुधवारी. वर्ग सुटल्यावर फोन करायचे तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले. "जेवली की," आई म्हणायच्या. किती जेवली विचारलं की "जेवली म्हटलं ना". आणि निनाद घरी आला की आईंना खोदून विचारून निरोप पाठवायचा: दोन घास. कालच्यापेक्षा एक कमी. प्रयोगशाळेतला माणूस, आकडा लपवायचा नाही. बुधवारी मी परतीच्या विमानांची यादी बघितली.

गुरुवारी टोपली थरथरली तेव्हा असुंताआजी बोलायच्या थांबल्या.

"रोज याच वेळेला कोण रडतं त्या टोपलीत?"

"माझी मुलगी," मी सकाळच्या वर्गातले चार शब्द जोडून म्हणाले. "लहान. जेवत नाही."

आजींनी लोरेदानाबाईंकडे असं काही पाहिलं की प्राध्यापकपण क्षणात गळून पडलं. मग स्वतः उठल्या, टोपलीत हात घातला, चार फोन बाजूला सारून थरथरणारा उचलला आणि माझ्या हातात दिला. "मूल जेवायला बोलावतंय आणि तू माझ्या लग्नाची तारीख लिहितेस?"

पडद्यावर जुई आली. वरणभाताची वाटी, हट्टाने मिटलेलं तोंड, मागे आईंच्या हिरव्या पातळाचा पदर.

"बघ जुई, मम्मा आली! आता आ कर."

जुईनं मला बघून भोकाड पसरलं. मीही त्याच बेतात होते. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून असुंताआजींचं डोकं पुढे आलं. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शेंगांची परात होती. त्यांनी एक शेंग उचलली, पांढरीवर लाल फराटे असलेली, कानाशी धरून हलवली, डोळे मोठे केले आणि टच्‌कन फोडली. जुई रडायची थांबली. आजींनी दुसरी शेंग फोडली आणि तोंडाचा मोठा 'आ' केला. जुईनंही केला. चमचा आत गेला.

"अगं बाई!" आई तिकडून ओरडल्या. "कोण आहेत या?"

"असुंताआजी. माझ्या... माझा विषय आहेत त्या."

"ते राहू दे. त्यांच्या हातात काय आहे? जवळ धर की जरा!"

मी दाणे कॅमेऱ्याला लावले. फिकट दाणे, त्यावर लाल ओरखडे.

"हा तर वाघ्या घेवडा!" आईंचं माहेर कोरेगावचं. वाघ्या घेवड्यावर वाढलेली ती माणसं, दुरूनही ओळखणार. त्या उठून गेल्या, स्वयंपाकघरात डबे वाजले, आणि पडद्यावर घेवड्याचा स्टीलचा डबा आला. "दाखव त्यांना! म्हणावं आमच्या कोरेगावचा आहे!"

असुंताआजींनी डबा बघितला आणि गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. पाच म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन आल्या. वाळलेला आहे, रात्रभर भिजत घालावा लागेल, असं एकीचं म्हणणं. फोडणी कशाची, असं आईंचं. मी एकीकडचा लसूण दुसरीकडे सांगायच्या आत तिकडूनही लसूणच आला. दोन्हीकडे जल्लोष झाला. त्या गोंधळात जुई सात घास जेवली. सात! रात्री निनादचा निरोप आला, त्यात उद्गारचिन्हं चार होती.

त्यानंतर लोरेदानाबाईंच्या नियमाला रोज अर्ध्या तासाची सुट्टी मिळू लागली. "हेही शेवटी गल्लीचा इतिहासच," त्या स्वतःची समजूत घालत म्हणायच्या. कराडला आठ, इकडे साडेचार. फोन दाण्यांच्या परातीला टेकवायचा. सहा इटालियन आज्या एकदम आ करायच्या, जुई आ करायची. पहिल्या शनिवारी ती असुंताआजींना 'छुंता' म्हणाली. आजींनी ते गावच्या पाद्रींना जाऊन सांगितलं.

मी मात्र फक्त तिच्या तोंडाकडे बघायची. घास आत गेला का. गिळला का. गालात धरून तर नाही ना ठेवला. डोळ्यांखाली काळं दिसतंय का. ठसका लागला तर आईंना सुचेल ना. एवढ्या बारकाईने बघणारी आई जगात दुसरी नसेल असं मला वाटायचं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी जुई जेवत होती आणि असुंताआजी गालावर हात ठेवून पडद्याकडे बघत होत्या. एकदम खूश होऊन त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"तुझी सासू माझ्यासारखीच! मला शाळेत नन्सनी या हातावर छड्या मारल्या, तरी मी सोडला नाही." त्यांनी डावा हात नाचवला. "विचार तिला, तिलाही मारलं होतं का?"

लोरेदानाबाईंनी इंग्रजीत सांगितलं. मी हसून म्हणाले, "नाही नाही, आई डावखुऱ्या नाहीत."

"मग ती डाव्या हाताने का भरवते?"

मी पडद्याकडे पाहिलं. जुईच्या तोंडाकडे नाही, चमच्याकडे. चमच्यापासून मागे, बांगड्यांपर्यंत. आमच्या घरात डाव्या हाताने कुणी प्रसादही घेत नाही. आई तर जुईनं डाव्या हाताने पोळी धरली तरी तिचा हात बदलून देतात.

"आई," मी म्हणाले, "उजवा हात दाखवा."

"हॅलो? हॅलो, शाल्मली? आवाज तुटतोय गं."

"आवाज स्वच्छ येतोय."

"लाइन खराब आहे बघ. नंतर लावते."

"आई, अठ्ठावीस वर्षांत किती जणांना असं सांगितलंत?"

मग पदराआडून उजवा हात वर आला. बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर.

"मागच्या पडवीत शेवाळ होतं," त्या म्हणाल्या. "तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी. काही विशेष नाही, बारीक चीर आहे. सहा आठवडे म्हणालेत. तू यायच्या सुमाराला काढतीलच, तुला कळलंही नसतं."

तिसरा दिवस. म्हणजे मी विमानं बघत होते तो बुधवार. म्हणजे डबा आणला तो गुरुवार. डबा डाव्या हातात होता. झाकणाला हनुवटी लावून उघडला होता त्यांनी. मी ते बघितलं होतं. बघूनही दिसलं नव्हतं.

"निनादला माहीत होतं?"

"मी शपथ घातली होती. आणि त्याची दुपारपाळी, घरी यायला नऊ होतात. मुल्लावहिनी भाकरी-भाजी आणून देतात. पोरगी माझ्याच हातून खाते, उजवा काय नि डावा काय."

"मी येते. परवाचं विमान मिळेल."

"आलीस तर दार उघडणार नाही," आई म्हणाल्या. "तुझ्या त्या चार रंगांच्या कागदावर माझा हात कुठे लिहिलाय? कोर्स पुरा कर."

लोरेदानाबाई हळू आवाजात सगळ्यांना सांगत होत्या. असुंताआजींनी ऐकून घेतलं, मांडीवरची परात शेजारणीकडे दिली आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. चिमूट जुळवून तोंडाकडे नेली, मग आईंकडे बोट केलं. भाषांतराची गरजच नव्हती. पोर जेवली. तू?

आई हसल्या. "जेवेन मी. सगळे झोपले की."

"झोपल्यावर का?" मी विचारलं.

त्यांनी पदराने जुईचं तोंड पुसलं. "डाव्या हाताने जेवताना कुणी बघू नये असं वाटतं," त्या म्हणाल्या. "सांडतं गं. साठी ओलांडल्यावर बरं दिसत नाही ते."

मी ते इंग्रजीत सांगितलं, लोरेदानाबाईंनी इटालियनमध्ये. आणि असुंताआजींनी पदर झटकावा तसा आपला ॲप्रन झटकून हुकूम सोडला: ताट आण. आत्ता. आम्ही बसलोय.

त्या खरंच बसल्या. सहाच्या सहा, खुर्च्या फोनसमोर अर्धगोल मांडून, हात मांडीवर ठेवून, जसं कुणी कीर्तनाला बसावं. आई 'नको, नको' म्हणत राहिल्या. एकीनेही जागा सोडली नाही. शेवटी ताट आलं. भाकरी, घेवड्याची आमटी, कांदा. आईंनी डाव्या हातात चमचा धरला. आमटी पातळावर सांडली. असुंताआजींनी तत्काळ आपल्या ब्लाउजवरचा टोमॅटोचा डाग अभिमानाने दाखवला. आईंना हसू फुटलं, आणि दुसरा चमचाही सांडला.

आणि तेव्हा जुई, जी इतका वेळ वाटीत बोटं बुडवून हे सगळं बघत होती, उठली. अजून दोन पावलांत एकदा बसायची ती. आजीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, ताटातला भाकरीचा तुकडा मुठीत चिरडून उचलला, आणि गेले दोन आठवडे सहा म्हाताऱ्यांकडून शिकली होती अगदी तसं, आधी स्वतःच मोठा 'आ' केला.

आईंनी आ केला.

घास आत गेला. गल्लीत टाळ्या पडल्या. वरच्या खिडकीतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, आणि असुंताआजींनी डोळे पुसत ओरडून सांगितलं, "आजी जेवली!"

मी सहा आठवडे पुरे केले. परतले तेव्हा आईंनी दार उघडलं, उजव्या हाताने.

माझी पीएच.डी. कागदपत्रांवर झाली नाही. टेलिफोन ऑपरेटर बायकांच्या मुलाखतींवर झाली. पहिली मुलाखत घरातच, त्याच टेबलावर घेतली. चार वर्षं एका घरात राहून मी आईंना एक्स्चेंजबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. यंत्र सुरू केल्यावर त्या पहिलं वाक्य काय बोलल्या, सांगू? "लिहून घे. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं सरकतात."

जुई आता सात वर्षांची आहे. घास भरवायला कुणी नको, उलट मला ओरडते, "मम्मा, बघत नको बसू." फ्रिजवरचा कागद अजून तिथेच आहे, आई तो कुणाला काढू देत नाहीत. इटलीतल्या त्या गल्लीत अजून दर रविवारी फोन लागतो. असुंताआजी आता सत्त्याऐंशीच्या आहेत आणि त्यांनी ऐकू येत नाही असं ढोंग चालवलंय.

तुमच्याही घरी रात्री असाच फोन लागत असेल. बाळ दाखवा, दात दाखवा, पाऊल दाखवा. जरूर बघा. पण आज फोन ठेवण्याआधी एक करा: पडद्याच्या कडेला चमचा धरलेला जो हात दिसतो ना, तो कुणाचा आहे, कसा आहे, आणि तिचं ताट वाढलंय का, हे तेवढं विचारून घ्या. लाइन खराब आहे म्हणाली, तर ठेवू नका.